घोषित किंमत आपणच लिहायची असते, हे आधी समजून घ्या

परवा ऑफिसात एक काका आले. एसटीतून रिटायर झालेले, जुन्या ओळखीचे. रुमालात बांधलेले राणीछाप पाच रुपये टेबलावर ठेवले आणि मोबाईल पुढे केला. कुणा एजंटाने व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवला होता. नाणी अमेरिकेत 'ग्रेडिंग'ला पाठवायची, घोषित किंमत प्रत्येकी दोन लाख लिहायची आणि फीचे अठरा हजार आधी भरायचे. का, तर "जेवढी किंमत लिहाल तेवढीच सर्टिफिकेटवर येते, काका."

सगळी गोम या एका वाक्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रेडिंगचा धंदा खोटा नाही. अमेरिकेतल्या पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या ऐंशीच्या दशकापासून तो करतात. नाणं खरं आहे का ते बघतात, १ ते ७० मध्ये त्याच्या अवस्थेला आकडा देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करून परत पाठवतात. डबीवर देश, साल, आकडा, नंबर असतो. किंमत नसते.

मग फॉर्मवरची घोषित किंमत कशाला? ती आपण आपल्या अंदाजाने लिहायची. तिच्यावरून फीचा टप्पा ठरतो आणि परतीच्या पार्सलचा विमा ठरतो. बस्स. जास्त लिहिली तर फी जास्त जाते, नाणं तेच राहतं. मुद्दाम कमी लिहिली तर कंपनी स्वतःच्या अंदाजाने वरच्या टप्प्यात टाकून फरक मागू शकते, आणि पार्सल हरवलं तर भरपाईला तोच कमी आकडा आडवा येतो. दोन लाख लिहिल्याने नाणं दोन लाखांचं झालं असतं तर मी माझ्या जुन्या स्कूटरचीही किंमत लिहून पाठवली असती.

काकांची नाणी १८६२ ची. दीडशे वर्षांहून जुनी, म्हणजे दुर्मिळ असणारच असं वाटतं. पण १८६२ हे साल टाकसाळींनी १८७४ पर्यंत तसंच ठेवून रुपये पाडले, त्यामुळे हे साल गावोगावच्या देव्हाऱ्यांत सापडतं. वजन एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. ठिपक्यांवरून काही प्रकार वेगळे आणि महाग ठरतात, ते जाणकाराला दाखवावं. त्यात काकूंनी दर लक्ष्मीपूजनाला ही नाणी राखेने घासून लख्ख केलेली. घासलेल्या नाण्याला साधारणपणे आकडाच मिळत नाही, 'साफ केलेलं' असा शेरा मिळतो. फी मात्र गेलेली असते.

आणि एजंटाने न सांगितलेली गोष्ट. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरातन वस्तू आहे, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद, वर दंड. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा दुर्मिळ रुपया या शंभर वर्षांच्या आत येतो. १८६२ चा येत नाही. म्हणजे त्या फॉर्मवर सही करून काका स्वतःच अडकले असते, एजंट नाही.

जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपलं नाव वापरून फी, कमिशन, कर मागितला जातोय, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता. तरी 'हे नाणं असेल तर व्हाल लखपती' अशा बातम्या आम्ही पत्रकारच चालवतो. क्लिक मिळतात ना! एजंटाला गिऱ्हाईक तयार करून देणारे आम्ही, हे कबूल केलं पाहिजे. त्या बातमीत घोषित किंमत, फी आणि कायदा यांवर चार ओळी लिहायला कुणाचं काय जातं?

काकांनी पैसे भरले नव्हते, पण आधार कार्डाचा फोटो पाठवून झाला होता. त्याचं काय करायचं ते विचारायला उद्या त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जातोय. तुमच्यापैकी कुणी पैसे भरले असतील तर आधी १९३० ला फोन करा, लाजू नका. आणि असा फॉर्म आला असेल तर स्क्रीनशॉट मला इनबॉक्स करा. तालुक्यात एकच नंबर फिरतोय की अनेक, ते बघायचंय.