इटलीत कोठे उतरावे?

आठ दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, नेपल्स ही पाचही नगरे पाहू म्हणणारा बहुधा आगगाडीच पाहून परततो. आमच्या मते, वाचकहो, चार दिवस रोमलाच द्यावेत. तेथील जेझू ख्रिस्तमंदिरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या उजव्या हाताचा १६१४ साली गोव्याहून नेलेला अवशेष आहे. ज्याने अगणितांना बाप्तिस्मा दिला तो हात न पाहता गोवेकराने माघारी यावे, हे आम्हांस रुचत नाही. पुढे असिसी. संत फ्रान्सिस यांची कबर तेथेच. मात्र स्टेशन खाली सपाटीवर आणि नगर टेकडीवर, म्हणून वृद्ध आईवडील सोबत असल्यास बस घ्यावी. व्हेनिसची ओढ सुटतच नसेल तर मुक्काम पादुआस करावा: संत अंतोनी यांचे दर्शन घडते, आणि व्हेनिस आगगाडीने सुमारे अर्ध्या तासावर राहते.