खाणीतला रोजगार म्हणे!

'खाणी आल्या की कोकणातली पोरं गावातच राहतील.' हे पालुपद ऐकून कान किटले. इथे मोशीत राहून चाकणला शिफ्ट करणारे सिंधुदुर्गातले किती जण दाखवू? रेडीतून कित्येक दशकं लोहखनिज निघालं, जहाजांतून परदेशी गेलं. तरी २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ लोक असलेल्या जिल्ह्यात २०११ ला उरले ८,४९,६५१. (आणि १९९७ पासून हा 'पर्यटन जिल्हा'! पर्यटकांना काय खड्डे दाखवायचे?) कळण्यात जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटला, गाळ घरांत आणि बागायतीत शिरला. माणसं कमी म्हणजे मतं कमी. खणायला असा जिल्हा सोयीचाच. रोजगाराच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी रेडीत जाऊन बंद घरं मोजून यावीत.