'इंटरस्टेलर'मधला मका आणि आपला मका: साय-फाय सिनेमाला 'महान' कधी म्हणायचं?

7 फेब्रुवारी 2025 ला ख्रिस्तोफर नोलनचा 'इंटरस्टेलर' भारतात पुन्हा थिएटरमध्ये लागला. सिनेमा दहा वर्षं जुना, बहुतेकांनी मोबाईलवर पाहिलेला. तरीही आयमॅक्सचे शो हाऊसफुल झाले. आणि नेहमीचा वाद पुन्हा सुरू झाला: हा सिनेमा खरंच महान आहे, की फक्त सगळ्यांचा आवडता?

आवडता आणि महान यात फरक आहे. तो कसा ओळखायचा? त्यासाठी तीन प्रश्न विचारून पाहू.

1. विज्ञान काढलं तर गोष्ट उरते का?

'कोई मिल गया' (2003) आठवा. जादू परग्रहावरून येतो आणि रोहितला शक्ती देतो. आता जादूच्या जागी एखादा साधू किंवा देव ठेवा. गोष्ट जवळपास तशीच राहते. 'मिस्टर इंडिया'तल्या (1987) घड्याळाच्या जागी मंतरलेली अंगठी चालली असती. दोन्ही सिनेमे लाडके आहेत आणि राहतील. पण त्यातलं विज्ञान म्हणजे जादूचंच दुसरं नाव.

'इंटरस्टेलर'मध्ये तसं करता येत नाही. एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. बाप काही तासांनी यानात परततो, तोवर 23 वर्षं उलटलेली असतात आणि त्याची मुलं मोठी झालेली असतात. तो रडतो त्याचं कारणच सापेक्षतावाद आहे. विज्ञान काढलं की रडणंही जातं.

2. सिनेमा आपल्या काळाची भीती पकडतो का?

मार्च 1954 मध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत एका जपानी मासेमारी बोटीवरचे लोक किरणोत्सर्गात सापडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये 'गॉडझिला' आला. तो राक्षस म्हणजे बॉम्बच होता, हे तिथल्या प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही.

'इंटरस्टेलर'ची भीती तर आपल्या ओळखीची आहे. त्यात रोगामुळे गहू आधीच संपलाय, भेंडीचं शेवटचं पीक गेलंय आणि उरलाय फक्त मका. शूटिंगसाठी नोलनने कॅनडात 500 एकर मका खरोखर लावला होता. आपल्या कन्नड-सिल्लोड पट्ट्यात मका कुणाला नवीन नाही. 2018 मध्ये भारतात पहिल्यांदा अमेरिकन लष्करी अळी दिसली आणि बघता बघता ती महाराष्ट्रातल्या मक्यावरही आली. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. धुळीने भरलेलं ते शेत मराठवाड्यातल्या माणसाला परग्रहावरचं वाटत नाही.

3. वय वाढलं तरी सिनेमा टिकतो का?

स्टॅन्ली कुब्रिकचा '2001: अ स्पेस ओडिसी' 1968 चा. माणूस चंद्रावर उतरायच्या एक वर्ष आधीचा. त्यातला हॅल नावाचा कॉम्प्युटर माणसांचं ऐकणं थांबवतो. आज घरोघरी एआयची चर्चा असताना हा सिनेमा जुना वाटत नाही. 2022 मध्ये 'साईट अँड साऊंड' मासिकाच्या दिग्दर्शकांच्या मतदानात तो सर्व काळातला पहिल्या क्रमांकाचा सिनेमा ठरला. उलट 'ब्लेड रनर' 1982 मध्ये तिकीटबारीवर आपटला होता. आज त्याच्याशिवाय कुठलीही यादी पूर्ण होत नाही. म्हणजे पहिल्या आठवड्याच्या कमाईवरून महानता ठरत नाही. 'कल्की 2898 एडी'चे (2024) आकडे दाखवून भांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग मराठी कुठे आहे?

छापील मराठीत विज्ञानकथेची परंपरा भक्कम आहे. मे 2025 मध्ये आपल्याला सोडून गेलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. 2021 च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पडद्यावर मात्र 'फुंतरू'सारखी (2016) मोजकीच नावं सापडतात. नागपूरच्या आरती कडव यांचा 'कार्गो' (2019) हिंदीत आला. त्यात मेलेल्या माणसांच्या पुनर्जन्माचं काम अंतराळयानात, एखाद्या सरकारी ऑफिससारखं चालतं. पहिल्या प्रश्नावर तो अडखळेल, पण कल्पना अस्सल आपल्या मातीतली आहे.

"आपल्याकडे पैसा नाही" हे नेहमीचं उत्तर. पण 'प्रायमर' हा टाइम ट्रॅव्हलचा अमेरिकन सिनेमा सुमारे 7 हजार डॉलरमध्ये बनला आणि 2004 मध्ये सनडान्स महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला. त्यात यान नाही की राक्षस नाही. गॅरेज, दोन मित्र आणि एक पक्की कल्पना, एवढंच.

कल्पनेसाठी लांब जायचीही गरज नाही. 'इंटरस्टेलर'चे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना 2017 चं नोबेल लायगो प्रकल्पातल्या कामासाठी मिळालं. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या याच प्रकल्पाची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ भागात उभी राहणार आहे. 2023 मध्ये केंद्राने त्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. नारळीकरांनी उभारलेली पुण्याची आयुका संस्थाही त्यात आहे.

कृष्णविवरांच्या टकरीतून आलेल्या लहरी ऐकणारं यंत्र, आणि शेजारच्या शेतात पावसाची वाट बघणारा शेतकरी. वरचे तिन्ही प्रश्न या एका चित्रात बसतात. सिनेमा कोण काढतंय, एवढंच बघायचं.