लाइनदोरी

आमच्या परसाची चिऱ्यांची भिंत गेल्या पावसाळ्यात ढासळली. ती पुन्हा उभी करण्यासाठी जो गवंडी आला, तो मूळचा बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील खटकचिंचोळीचा. कर्नाटकातून गोव्यात येणारा कामगार म्हणजे कानडी बोलणारा, असा आपला सरसकट समज. या गृहस्थाने मात्र पहिल्याच सकाळी मराठीत मागणी केली, “मालक, लाइनदोरी तुटली, दुसरी आना की.” दोरी आणून दिली. दोन खुंट्यांना ती ताणून त्याने चिरे बसवावयास प्रारंभ केला. तो शब्द मात्र आठवडाभर आमच्या डोक्यातून हलला नाही.

‘लाइन’ हा शब्द इंग्रजी, त्याचे मूळ लॅटिन, आणि त्या मुळाशी आहे जवसाच्या वाखाचा धागा. ‘लिनन’ हे कापड आणि ‘लाइन’ ही रेघ, ही एकाच कुळातील भावंडे होत. ताणलेला धागा ती लाइन, धाग्यासारखी सरळ ती लाइन, आणि तेथून पुढे रांग, ओळ, मार्ग, धंदा असा सगळा पसारा. म्हणजे आमचा गवंडी नकळत ‘दोरीदोरी’ म्हणत होता. त्याला हसण्याचे कारण नाही. पोर्तुगीजांचा ‘पाव’ म्हणजेच रोटी. तरी ‘पावरोटी’ म्हणणारे मराठीत पुष्कळ आहेत. आणि जवस तर त्याच्याच मुलखातले जुने पीक. ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी तिकडे मराठी घरी असते तशी कानडी घरीही असते.

या एका शब्दाने मराठी माणसाचा दिवस किती व्यापला आहे, हे पाहण्यासारखे आहे. रेशनच्या दुकानापुढे लाइन लागते. तीत उभे राहण्यापूर्वी ‘ऑनलाइन झाले का?’ असे विचारले जाते. जणू ते देवदर्शनासारखे एक कर्मच आहे. शेतकरी रात्री दोन वाजता उठतो, कारण मोटारीची ‘लाइन’ त्या वेळी येते. ती गेली की लाइनमनला गाठावे लागते. विहिरीपासून शेतापर्यंत पुरलेला पाइप हीही लाइनच. मुलगा दहावी झाला की ‘कोणत्या लाइनला घालणार?’ हा प्रश्न. तो बिघडला की ‘लाइनवर आणा’ हा सल्ला. पोलिसांची घरे ती पोलीस लाइन. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स हे नाव इंग्रजी छावण्यांत ओळीने मांडलेल्या वस्तीची आठवण ठेवून आहे. स्टेशनमास्तरांचे ‘लाइन क्लिअर’ रुळावरून उतरून लग्नाच्या बैठकीपर्यंत येऊन पोचले. महाविद्यालयाच्या फाटकापाशी तरुण मंडळी जी ‘लाइन मारतात’, तिचे विवेचन या स्तंभात करण्याची गरज नाही. वाचकांना ती ठाऊक आहे, आणि त्यांच्यापैकी काहींनी ती मारलीही असेल.

परका शब्द आला म्हणजे भाषा बाटली, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द मराठीत रुजवले, ते उपकारच आहेत. परंतु आगगाडीबरोबर आलेल्या आणि विजेबरोबर आलेल्या लाइनीला आता घराबाहेर काढण्याचा आग्रह निरर्थक होय. वस्तू नवी होती, नाव तिच्याबरोबर आले. आमची तक्रार निराळी आहे. जेथे आपले माणूस बसलेले होते, तेथेही ही लाइन येऊन बसली. मुंग्यांची रांग, अक्षरांची ओळ, बगळ्यांची माळ, नांगराचे तास, उसाची सरी, पाटीवरची रेघ, जेवणाऱ्यांची पंगत, असे किती म्हणून सांगावे! पंगत म्हटले की पान, पाट, उदबत्ती आणि वाढणाऱ्यांची लगबग डोळ्यांपुढे येते. लाइन म्हटले की हाती बशी घेऊन उभी राहिलेली माणसे येतात. एका शब्दाला सात कामे लावली, की सहा शब्द उपाशी मरतात.

त्यातही हळहळ वाटते ती ‘सूत’ या शब्दाची. तो तर लाइनचा जुळा भाऊ, धाग्यापासूनच जन्मलेला. धागा ताणून सरळपणा पाहावयाचा म्हणून ‘सुतासारखा सरळ’. आज ज्याला लाइनवर आणतात त्याला आपण पूर्वी सुतासारखा सरळ करीत असू. दोन जिवांचे ‘सूत जुळते’. लाइन एकट्याला मारता येते, सूत जुळावयास दोघे लागतात. इंचाच्या आठव्या भागाला गवंडी आणि सुतार ‘सूत’ म्हणतात, आणि सुतार हा शब्दच मुळी सूत्रधारापासून आला. इंग्रजीने जवसाच्या धाग्यावर जो संसार मांडला, तो मराठीने कापसाच्या धाग्यावर कधीच मांडून ठेवला होता. त्या दोरीला तुमच्या गावी पूर्वी काय म्हणत, असे आम्ही गवंड्यास विचारले. तो म्हणाला, “आजा सूत म्हनायचा. आता म्हनलं तर कुनाला कळत न्हाई.”

पुण्यात किंवा रत्नागिरीत एखादा शब्द मेला तर तो कोशात तरी सापडतो, शाळेतल्या धड्यात पुन्हा भेटतो. खटकचिंचोळीसारख्या गावात मराठीच्या पाठीशी ना कचेरी, ना बाजारातली पाटी. ती तोंडातच जगते, आणि तोंडातून गेली की गेली. गावाच्या नावात चिंच आहे, कानडी हुणसे नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्या दिवशी बिदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. पुढे १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या वादाची उजळणी आम्ही येथे करीत नाही. परंतु गावाच्या हद्दीला मराठीत ‘शीव’ म्हणतात, आपल्याकडे शीम म्हणतात. तिथे दगड असतो, झाड असते, नारळ ठेवण्याची जागा असते, आणि दोन्हीकडची माणसे तेथे भेटतात. १९५६ साली कागदावर ओढली गेली ती लाइन होती. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, त्या गोमंतकाला हा फरक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठीत पदे रचली, कानडीत रचली, हिंदीतही रचली. आणि निजामाच्या अमदानीत टाकलेली विकाराबाद-परळी ही दुसरी लाइन आजही तेलंगणातून निघून बिदर, भालकी करीत उदगीरकडे जाते. त्या गाडीच्या डब्यात कोणती भाषा बोलावी, हे कोणी कोणाला बजावीत नाही.

राज्यांची नवी मांडणी करणाऱ्या त्याच १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०क हा अनुच्छेद घटनेत घातला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असे तो सांगतो. रेघ ओढणाऱ्यांना रेघेपलीकडे राहणाऱ्या मुलांची आठवण होती, हे त्यांच्या श्रेयास. कर्नाटकाने २०१५ च्या कायद्याने शाळांतून कन्नड शिकणे अनिवार्य केले. ज्या राज्यात राहावयाचे त्याची भाषा न शिकणे हा मूर्खपणा होय, आणि सीमाभागातील मराठी माणूस तो मूर्खपणा करीतही नाही. आमचा गवंडी फोनवर मुकादमाशी अस्खलित कानडी बोलतो. पण कन्नड आली म्हणून मराठी शाळेचा शिक्षक जाऊ नये, पाठ्यपुस्तक वेळेवर मिळावे, एवढी काळजी बंगळूरने घ्यावी. मुंबईनेही दर वर्षी सीमेवर भाषणे करण्याऐवजी त्या शाळांना पुस्तके पाठवावीत. आणि आपणही फार ताठ मानेने बोलू नये. गोव्यातील सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटाअभावी एकेक करून मिटत आल्या आहेत, आणि त्यांच्यावर कोणी लाइन ओढलेली नव्हती.

गवंड्याचा मुलगा बिदरला इंग्रजी शाळेत आहे. त्याला सायन्स लाइनला घालावयाचे ठरले आहे. बापाला मराठी वाचता येते, मुलाला येत नाही. शिकवावे म्हटले तर बाप वर्षातले आठ महिने आमच्यासारख्यांच्या भिंती बांधण्यात असतो.

भिंत परवा पुरी झाली. ओळंबा लावून पाहिला, एक सुताचाही फरक नाही. हिशेब करताना त्याने कागदावर मराठीत आकडे मांडले, खाली कानडीत सही केली, आणि पैसे ऑनलाइन मुलाच्या खात्यावर टाकावयास सांगितले.