पेंटॅकल्सचा एक्का आणि बदलापूरचा फ्लॅट

परवा संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये शेजारची दोन मुलं मोबाइलवर टॅरोचा व्हिडिओ बघत होती. आवाज मोठा, त्यामुळे अर्ध्या डब्याने आपलं भविष्य ऐकलं. ‘हा व्हिडिओ तुमच्यासमोर आला म्हणजे तो तुमच्यासाठीच आहे. येत्या तीन आठवड्यांत मोठी रक्कम तुमच्याकडे येणार आहे.’ डब्यात घामाने निथळणारी शे-दीडशे माणसं. सगळ्यांना एकदम मोठी रक्कम मिळणार होती, आणि एकालाही बसायला जागा मिळत नव्हती. :)

एरवी मी असल्या गोष्टी हसून सोडून देतो. या वेळी हसू टिकलं नाही, कारण ताईचा फ्लॅट आठवला. आज त्याबद्दल लिहायचं आहे. (ताईला विचारूनच लिहितोय. ‘लिही, पण माझं नाव नको’ म्हणाली. नातेवाईक मंडळी ओळखतीलच, त्यांनी कृपया गप्प बसावं.)

तर झालं असं. २०१८ साली ताईने, म्हणजे माझ्या मावसबहिणीने, बदलापूर पश्चिमेला एक फ्लॅट बघितला. इमारत अजून उभी राहायची होती. किंमत २८ लाख. बिल्डरच्या माणसाने सांगितलं, रविवारपर्यंत ४ लाख टोकन द्या, मग भाव वाढणार. ताई घाबरली होती. भावोजींची नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, कंत्राटी. घरात कुणाशी बोलायची सोय नाही, कारण प्रत्येकाचं मत ठरलेलं. मग तिच्या मैत्रिणीने उल्हासनगरच्या एका टॅरोवाल्या मॅडमचं नाव सांगितलं. कॅम्प तीनमध्ये, एका दुकानाच्या वर एसी खोली. सोबत कोण गेलं? मी.

फी ११०० रुपये. तीन पानं काढली. पहिलं पान पेंटॅकल्सची पंजी. बर्फात दोन फाटके भिकारी, मागे चर्चची उजळलेली खिडकी. मॅडम म्हणाल्या, ‘हा तुमचा भूतकाळ, तंगीचा.’ दुसरं पान स्टार, म्हणजे आशा. तिसरं आलं पेंटॅकल्सचा एक्का. ढगातून बाहेर आलेला हात, हातात सोन्याचं मोठं नाणं, खाली बाग. मॅडमनी टाळीच वाजवली. ‘प्रॉपर्टीचंच पान आहे हे. युनिव्हर्स हो म्हणतंय. तुम्हीच मनात ब्लॉक धरून बसलाय.’

ताईच्या चेहऱ्यावर इतका हलकेपणा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. नंतर गंमत म्हणून मीही एक पान काढलं. पेंटॅकल्सची अठ्ठी आली. ‘तुमच्या मेहनतीचं चीज होणार.’ खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. त्या बरं वाटण्यातच आम्ही दोघं जिना उतरलो आणि रविवारी ४ लाखांचा चेक गेला.

२०२१ च्या दिवाळीत ताबा मिळणार होता. आज तिथे चार मजल्यांचा सांगाडा आहे आणि वर गंजलेल्या सळया. नंतर कळलं की प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी होती, पण ए आणि बी विंगची. ताईला दाखवलेली सी विंग त्या नोंदणीत नव्हतीच. चार लाखांतले सव्वा लाख हप्त्याहप्त्याने परत आले. बाकीच्यासाठी तक्रार केली आहे, तारखा चालू आहेत. ताई अजून भाड्याच्या घरात आहे.

आता कुणी म्हणेल, यात टॅरोचा काय दोष? फसवलं ते बिल्डरने. अगदी बरोबर. पण माझं भांडण नेमकं इथेच आहे. पैशाच्या प्रत्येक व्यवहारात समोर एक माणूस असतो. घेणारा, देणारा, राबवणारा, बुडवणारा. टॅरोवाल्या खोलीत हा समोरचा माणूस गायब होतो. उरता फक्त तुम्ही आणि ‘युनिव्हर्स’. बिल्डरला विचारायचे प्रश्न ताईने स्वतःच्या मनाला विचारले, आणि उत्तर पानाकडून घेतलं.

गंमत म्हणजे पानांवरची चित्रं असं काही म्हणतच नाहीत. त्या अठ्ठीमुळे मला उत्सुकता वाटली म्हणून मी नंतर ती सगळी बघितली. पेंटॅकल्स म्हणजे नाण्यांची चौदा पानं, आपल्याकडच्या चौकटसारखा एक रंग. तिर्रीत एक पाथरवट चर्चच्या कमानीवर काम करतोय आणि दोघं जण नकाशा घेऊन त्याच्याशी बोलताहेत. चौकीत एक मुकुटवाला नाणं छातीशी कवटाळून बसलाय, दोन पायाखाली दाबलीत, एक डोक्यावर. छक्कीत एक व्यापारी हातात तराजू धरून गुडघे टेकलेल्यांना पैसे वाटतोय. सत्तीत शेतकरी कुदळीवर हनुवटी टेकून आपल्या वेलाकडे बघतोय. अठ्ठीत शिकाऊ कारागीर एकेक नाणं ठोकतोय. बघा ना, जवळजवळ प्रत्येक पानात काम आहे, कामाचा मोबदला आहे, देणारा वर आणि घेणारा खाली आहे. एक्का सोडला तर पैसा ढगातून कुठेच पडत नाही. आणि आमच्या मॅडमनी नेमका ढगच विकला!

ही चित्रं काढणारी बाई कोण, हेही सांगण्यासारखं आहे. पामेला कोलमन स्मिथ. १९०९ साली आर्थर वेट या गृहस्थांच्या सांगण्यावरून तिने ७८ पानं काढली आणि लंडनच्या रायडर कंपनीने ती छापली. आज जगात सर्वांत ओळखीचा संच तोच. तिला मिळाले एकदाच ठरवून दिलेले थोडे पैसे. काम मोठं आणि मोबदला अगदी कमी, असं तिने स्वतः एका पत्रात लिहिलं होतं. १९५१ साली इंग्लंडमधल्या ब्यूड गावी ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं आणि ते फेडायला तिचं सामान विकावं लागलं. पैशाची चौदाही पानं जिच्या हातातून उतरली, तिला त्यातलं एकही पान उपयोगी पडलं नाही. तिला हवा होता नीट केलेला करार.

आणि हे ‘प्राचीन गूढ ज्ञान’ वगैरेही जाऊ द्या. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव. त्यावरून भविष्य सांगायचं खूळ फ्रान्समध्ये अठराव्या शतकात जोर धरू लागलं. आपल्याकडे गंजिफा होताच की. मुघल गंजिफ्यात ९६ पानं, आठ रंग, त्यात सोन्याच्या नाण्यांचा एक, चांदीच्या नाण्यांचा एक आणि चक्क हुंडीचासुद्धा एक. सावंतवाडीला अजून दशावतारी गंजिफा हाताने रंगवतात, गोल १२० पानांचा. त्या गोल पानांनी लोक डाव मांडत, हरत, जिंकत. गंजिफ्याला विचारून कुणी जमीन घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

बरं, पान आलं कसं, याचं साधं गणित. ७८ पानांत पेंटॅकल्स १४. तीन पानं काढली तर त्यात निदान एक पेंटॅकल येण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के. दहा पानांच्या मोठ्या मांडणीत ८८ टक्के. म्हणजे पैशाची चिंता घेऊन गेलेल्या माणसाला पैशाचं पान दिसणं हा चमत्कार नाही, ती त्या धंद्याची सोय आहे. स्टेशनबाहेरच्या पोपटवाल्याचं पाकीट आणि हे पान यात मला फरक दिसत नाही. पोपट निदान इंग्रजी बोलत नाही.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती त्या ‘मनी ब्लॉक’ शब्दाची. म्हणजे तुमच्याकडे पैसा नाही, कारण तुमच्याच मनात अडथळा. अहो, हे कुठे बसून बोलताय? उल्हासनगरात! फाळणीनंतर जवळपास लाखभर सिंधी माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत आली. घर, दुकान, जमीन सगळं मागे टाकून. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्यांच्या मनात ‘ब्लॉक’ होता म्हणून ते निर्वासित झाले होते का? आणि पुढे बराकींमधून बाजार उभे राहिले, ते पान काढून की पहाटे उठून? अंबरनाथला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिथल्या कामगारांनी श्रीमंतीची भावना मनात आणायला हवी होती का? नोकरी जाणं, पगार अडकणं, कंत्राट न वाढणं याला कारणं असतात, आणि त्या कारणांना माणसांची नावं असतात. ती नावं पुसून दोष गरिबाच्या मनावर टाकणं, वर त्याचे ११०० रुपये घेणं, याला मी सल्ला म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. त्या मॅडमनी ताईचं चाळीस मिनिटं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही, ‘तुला काय कळतंय’ म्हणाल्या नाहीत. बँकेतल्या साहेबाने तिला पाच मिनिटं दिली नव्हती. आणि मी? मी तिच्याबरोबर रिक्षात बसलो, पण एकदाही विचारलं नाही की ‘ताई, कागद बघितलेस का?’ ते ऐकून घेणं मनापासून असेलही. टॅरोवाले म्हणतात, आम्ही फक्त माणसाला विचार करायला लावतो. ठीक आहे, लावा. पण मग ‘प्रॉपर्टीचं पान आलं, हो म्हणा’ हे कशाला? ऐकणं वेगळं आणि ४ लाखांच्या चेकला होकार देणं वेगळं. दुसऱ्याची जबाबदारी घ्यायची नसेल तर पहिल्यावरच थांबावं.

कायद्याकडून यात फार अपेक्षा ठेवू नका. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण ज्योतिषाचा सल्ला त्यातून बाहेर ठेवलेला आहे. घराच्या बाबतीत मात्र कायदा आपल्या बाजूने बऱ्यापैकी बोलतो. रेराप्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताईच्या फ्लॅटचे १० टक्के म्हणजे २ लाख ८० हजार. ४ लाख मागितले, तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करायचे असतात. ताबा वेळेवर दिला नाही तर व्याजासकट पैसे परत मागता येतात. आणि नोंदणी क्रमांक महारेराच्या साइटवर फुकट बघता येतो, कुठली विंग आहे, कुठली नाही, तेही. एसी खोली नाही, टाळी नाही, फी नाही.

बदलापुरात घर बघताय तर आणखी एक प्रश्न विचारा, तोही बिल्डरला नव्हे, शेजारच्या जुन्या चाळीतल्या आजींना. ‘आजी, २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं? आणि २०१९ ला?’ त्या हात करून भिंतीवरची खूण दाखवतील. माझ्या मते भविष्य सांगायचा अधिकार असलाच तर त्या आजींना आहे.

असो. खूप लिहिलं. टॅरो वाचणारे माझे दोन-तीन मित्र चिडतील, चिडू देत. प्रेम, स्वभाव, स्वप्नं यांवर हवी तेवढी पानं काढा, माझं काही म्हणणं नाही. टोकन, कर्ज, पीएफ आणि भिशी यांना मात्र हात लावू नका.

आणि घरच्यांसाठी: कुणीही, कुठेही टोकन द्यायच्या आधी मला फोन करायचा. रविवारी मी घरीच असतो. मी येतो, साइट उघडून नंबर बघू, विंग बघू, आजींना विचारू. चाळीस मिनिटं काय, दोन तास ऐकून घेईन. फी फक्त चहा. २०१८ साली हे करायला हवं होतं, ते राहून गेलं.