पुढे व्हा, साहेब!

मोटार चालवणाऱ्या माणसाचा खरा स्वभाव कळतो तो त्याला कोणी मागे टाकले म्हणजे. एरवी मुंगीलाही वाट देणारा गृहस्थ असतो; पण सातारा रस्त्यावर एखादी चिमुरडी मोटार शेजारून सुळकन् पुढे जाऊ द्या, की त्याच्या सात पिढ्यांचा अपमान होतो. म्हणूनच, आजवर सर्वांत सभ्य माणसे मी शर्यतीच्या मोटाररस्त्यावर पाहिली असे सांगितले, तर वाचकहो, यंदा फराळात काही भलतेच पडले असावे असे तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! मी पाहिले ते सांगतो.

माझ्या भाच्याजवळ एक लहानशी घरगुती मोटार आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. गाडीलाही अब्रू असते. या मोटारीवर त्याने दोन वर्षांत जेवढा पैसा ओतला तेवढ्यात एखादे साधेसे लग्न झाले असते. हवेची गाळणी बदलली, स्प्रिंगा बदलल्या, इंजिनाच्या विजेच्या मेंदूला खासगी शिकवणी लावून आणली. सायलेन्सरही बदलणार होता, पण तिथे मी कायदा काढला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम मूळ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितले. शिकवणी लावलेला मेंदू बाहेरून दिसत नाही, एवढाच काय तो भाच्याचा बचाव. ही मोटार एकदा मनसोक्त पळवायची, पण एक्स्प्रेसवेवर लोकांच्या जिवाशी खेळून नव्हे, तर योग्य जागी, ही त्याची इच्छा मात्र मला पटली. अक्काला पटली नाही. गाडीचे बावीस हप्ते बाकी, आणि शर्यतीच्या रस्त्यावर झालेले नुकसान नेहमीचा विमा भरून देत नाही! "तू बरोबर जा," तिने मला फर्मावले. जणू काही मी शेजारी बसलो की मोटार आपटायची थांबते.

जागा चेन्नईजवळ, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे-पलीकडे, इरुंगट्टुकोट्टै नावाची. पुण्याहून अकराशे किलोमीटरांहून अधिक. श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मगाव. जीव आणि ईश्वर यांचे नाते त्यांनी उलगडले, पण भाचा आणि त्याची मोटार यांचे नाते पाहून त्यांनीही लेखणी खाली ठेवली असती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. पूर्वी त्यांच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या एका जुन्या धावपट्टीवर होत. १९९० पासून हा स्वतःचा रस्ता आहे. पावणेचार किलोमीटरांची एक फेरी, बारा वळणे.

आम्ही गेलो ती शर्यत नव्हे. कोणी घड्याळ लावत नाही, नंबर काढत नाही, कप देत नाही. हौशी माणसांनी पैसे भरावेत, आपापली रोजची गाडी आणावी आणि वीस-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी पळवावी, एवढेच. सकाळी तपासणी झाली. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, अक्काने दिलेला लाडवांचा डबा, सारे बाहेर! बॅटरी हलवून पाहिली, टायर पाहिले. मग वर्ग भरला. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे पाळी बंद, निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. आणि मुख्य नियम असा, की पुढच्याने परवानगी दिल्यावाचून कोणी कोणाला ओलांडायचे नाही, आणि तेही फक्त सरळ रस्त्यावर. पुढच्याने खिडकीतून हात काढून बाजू दाखवायची, वेग थोडा आवरायचा. मागच्याने पुढे जाऊन हात वर करून आभार मानायचे.

मी शिरस्त्राण घालून, म्हणजे हंड्यात डोके अडकलेल्या मांजरासारखा, शेजारी बसलो. पहिल्या दोन पाळ्यांत भाच्याने किती हात दाखवले याची मोजदाद मी सोडून दिली. एका जुन्या, रंग उडालेल्या मोटारीतले पिकल्या केसांचे एक गृहस्थ आम्हांला तीनदा ओलांडून गेले आणि तिन्ही वेळा त्यांनी असा हात वर केला, की जणू आम्ही त्यांना लग्नात आहेर केला होता. सरळ रस्त्यावर आमची गाडी त्यांच्यापेक्षा जोरात पळे. पण वळण आले की ते कुठल्या कुठे!

तिसऱ्या पाळीत ते घडले. सरळ रस्ता संपत होता, काटा एकशे चाळीसवर होता. भाच्याने ब्रेक दाबला आणि त्याचा पाय खाली जातच राहिला. लोण्यात जावा तसा. त्याने दोन-तीनदा भराभर दाबले तेव्हा कुठे ब्रेक लागला, आणि आम्ही रस्त्याच्या अगदी कडेने कसेबसे वळलो. मग त्याने हात बाहेर काढला तो आतच घेतला नाही. एक संपूर्ण फेरी सर्वांना पुढे धाडत, संथपणे गाडी आत आणली, आणि हातब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवली. तापलेल्या ब्रेकवर हातब्रेक ओढू नये, हे तो सकाळच्या वर्गात शिकला होता.

कारण पिकल्या केसांच्या गृहस्थांनी सांगितले. हजार किलोची मोटार एकशे चाळीसवरून साठवर आणायची म्हणजे जी उष्णता निघते तिच्यावर सुमारे दोन लिटर पाण्याला आधण यावे. आणि हे फेरीत एकदाच नव्हे! ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत असते. नवे डॉट ४ प्रतीचे तेल दोनशे तीस अंशांपर्यंत तग धरते. तेच ओलावा प्यायले की दीडशेच्या पुढेमागेच उकळू लागते. नळीत वाफ झाली की पाय वाफेलाच दाबतो. डबीतले तेल त्यांनी दाखवले. चहासारखे काळपट! पळण्यासाठी केवढा खर्च, आणि थांबण्याचे तेल गाडी घेतली त्या दिवसाचे.

शेवटची पाळी उरली होती, पैसे भरलेलेच होते. हळूहळू चालवली असती तर कोणी अडवले नसते. गृहस्थांजवळ तेलाची सीलबंद डबी होती. पण जुने तेल काढून, चारी चाकांतली हवा काढून नवे भरायचे म्हणजे तास गेला. भाचा रस्त्याकडे पाहत उभा राहिला. मी काही बोललो नाही. मामाने गप्प बसावे अशा जागा आयुष्यात दोन-तीनच येतात. शेवटी त्याने जॅक आणला. घरी जायला अकराशे किलोमीटर आणि वाटेत खंबाटकीचा घाट होता.

चौथे चाक होते न होते तोच चौकटीचे निशाण पडले. गृहस्थांनी डबीचे पैसे घेतले नाहीत. लाडू मात्र घेतले, चार.

रात्री अक्काचा फोन आला.

"कितवा आला रे तो?"

"इथे नंबर नसतो, अक्का."

"मग पुढे गेला तरी किती जणांच्या?"

"एकाच्याही नाही. सगळ्यांना पुढे जाऊ दिले."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "फोन त्याच्याकडे दे. त्याला बरे नाही का?"