रेडिओ घ्यायचा तो कोणासाठी?

घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली की आपल्याकडे घरातल्या सर्वांत हुशार माणसाचा सल्ला घेतात. ती वस्तू जो वापरणार त्याला विचारायचे मात्र राहून जाते. चष्मा आणि चप्पल हे दोन अपवाद सोडले तर हा नियम सगळीकडे लागू पडतो, असे माझे निरीक्षण आहे. आमच्या घरी रेडिओच्या बाबतीत तो कसा लागू पडला, त्याची ही हकीकत आहे; आणि तिच्यातून माझे जे मत बनले तेही येथे मांडायचे आहे. वार्षिकांकात रेडिओच्या खरेदीवर लेख म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या. "अगं, आता रेडिओ ऐकतं कोण?" असे एकीने विचारलेही. आपल्या घरातली म्हातारी माणसे दुपारी दोन ते पाच काय करतात, हे तिने एक दिवस घरी राहून पाहावे, एवढेच मी तिला सांगितले.

माझी आजी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात एकटी राहते. मागे डोंगर, पुढे सुपारीची लहानशी वाडी. तिला एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. दुसऱ्याने माणूस ओळखू येतो, अक्षर नाही. बोटे संधिवाताने आखडलेली. अशा माणसाला वर्तमानपत्र नाही, टीव्हीचा उपयोग थोडा, आणि मोबाइल म्हणजे गुळगुळीत काच, जिच्यावर बोटाला काहीच लागत नाही. राहता राहिला रेडिओ. आजोबांनी घेतलेला दोन बँडचा ट्रान्झिस्टर तिच्या उशाशी असे. चामड्याच्या कव्हराची शिलाई उसवलेली, एरियल मोडलेली, तरी तो बोलायचा. खाऱ्या हवेने आतल्या स्प्रिंगा गंजत गेल्या आणि २०१९ साली तो कायमचा थांबला.

त्या दिवाळीला काकांनी नवा रेडिओ आणला. काकांच्या हेतूबद्दल मला काडीचीही शंका नाही. दुकानातला सर्वांत महागडा उचलून आणला होता त्यांनी. त्याला ब्लूटूथ होते, पेन ड्राइव्ह लावायची सोय होती, मेमरी कार्डाची खाच होती, रिमोट होता, आणि गाणे लागले की पुढच्या जाळीत निळे-तांबडे दिवे नाचत. बटणे सात, सगळी एका आकाराची, एका ओळीत, आणि त्यांवरची अक्षरे मलाही उजेडात धरून वाचावी लागत. चालू केला की आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी जाहीर करी. मग 'मोड' नावाचे बटण तीनदा दाबायचे, तेव्हा रेडिओ लागायचा. चारदा दाबले गेले तर पुन्हा पहिल्यापासून.

आजीने आठवडाभर ऐकला. पुढे तो कपाटावर गेला. आम्ही फोनवर विचारले तर म्हणाली, "नको वाटतं आता. काय तेच तेच ऐकायचं!" आम्ही सर्वांनी ते खरे मानले. वय झाले, रस उरला नाही, असे एकमेकांना सांगून मोकळे झालो. आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही, की जी बाई चाळीस वर्षे सकाळी उठल्याबरोबर रेडिओचा कान पिळत होती, तिचा रस एका आठवड्यात कसा आटला?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. आमच्या गावात वीज यायला कित्येक आठवडे गेले. त्यातच टाळेबंदी चालू असल्यामुळे मुंबईहून कोणाला जाताही येईना. आजी सुखरूप आहे हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले. त्या काळात काकांचा रेडिओ कपाटावर पडून होता आणि खाली काढला असता तरी बोलला नसता. कारण त्याची बॅटरी आत कायमची बसवलेली, आणि ती भरायला वीज हवी. जेव्हा रेडिओची खरी गरज पडते तेव्हाच जो गप्प बसतो, त्याला रेडिओ का म्हणायचे?

शेजारी तात्यांकडे मात्र जुना ट्रान्झिस्टर होता. टॉर्चचे सेल काढून त्यांनी रेडिओत घातले आणि तो ओटीवर ठेवला. मुंबई केंद्राच्या बातम्या ऐकायला आजूबाजूची माणसे अंतराअंतरावर बसत. आजीही बसे. हे तिने मला पुढे सांगितले तेव्हा मी विचारले, "आजी, तुला तर ऐकावंसं वाटत नव्हतं ना?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ऐकायला काय गं, आवडतंच. पण लावून कोण देणार? रोज त्या तात्यांच्या पोराला हाक मारायची? तो येतो बिचारा. पण रोज रोज हाक मारायला जीभ उचलत नाही."

हे वाक्य ऐकून मला स्वतःची लाज वाटली. आम्ही तिला रेडिओ दिला नव्हता. पूर्वी जे काम ती स्वतः करीत होती, त्यासाठी दुसऱ्याचे पाय धरायची वेळ तिच्यावर आणली होती. आणि मानी बाई ती. पाय धरण्यापेक्षा तिने आवड सोडून दिली.

पुढच्या वर्षी प्रवास सुरळीत झाला तेव्हा रेडिओ घ्यायचे काम मी मागून घेतले. दुकानदाराला सांगितले, "साधा हवा. सेलवर चालणारा, मीडियम वेव्ह असलेला." त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिले. "ताई, दोनशे रुपये जास्त घाला, ब्लूटूथवाला नेता की!" जास्त सोयी असलेली वस्तू चांगली आणि कमी असलेली ती गरिबाची, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे, की कमी मागणाऱ्याला पैसे नसावेत असेच समोरचा धरून चालतो. मी तीन दुकाने फिरले. त्या फिरण्यात आणि पुढच्या अनुभवात जे शिकले ते सांगते. कोणाच्या आजीच्या कामी आले तर येवो.

आधी बँड. आजकाल कित्येक लहान रेडिओंवर नुसते एफएम असते, आणि शहरातल्या माणसाला ते पुरते. पण एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांबीची. ती बरीचशी सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की अडते. मीडियम वेव्हची लहर शेकडो मीटर लांब. मुंबईच्या ५५८ किलोहर्ट्झचा हिशेब केला तर ती ५३७ मीटरच्या आसपास येते. अशी लहर जमिनीच्या चढउतारांवरून वळसे घेत दूरवर पोहोचते. म्हणून डोंगराच्या कुशीतल्या आमच्या घरी एफएमवर नुसती खरखर आणि मीडियम वेव्हवर मात्र मुंबई स्पष्ट, असा प्रकार होता. पण हे सूत्र सगळीकडे चालवू नये. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मीडियम वेव्हचे अनेक जुने प्रक्षेपक बंद केले आणि भर एफएमवर दिला. २८ एप्रिल २०२३ रोजी तर १०० वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक देशभर एकदम सुरू झाले. तेव्हा कोणत्या घरात काय लागते, हे त्या घरातच कळते. शेजाऱ्याचा रेडिओ तासभर मागून आणावा आणि ज्या खोलीत, ज्या वेळी ऐकायचे त्याच वेळी लावून पाहावा. रात्री मीडियम वेव्हवर दूरदूरची केंद्रे ऐकू येतात म्हणून हुरळून जाऊ नये. सूर्य मावळला की वरच्या वातावरणाचा लहरी शोषणारा थर विरतो, म्हणून ती येतात आणि सकाळी नाहीशी होतात.

शॉर्ट वेव्हसाठी जास्त पैसे मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांनी एकेकाळी रेडिओ सिलोन कानाशी धरून ऐकला, त्यांना हे पटणार नाही. पण बीबीसीची हिंदी सेवासुद्धा ३१ जानेवारी २०२० रोजी शॉर्ट वेव्हवरून थांबली. आठ-दहा बँडांचा रेडिओ म्हणजे आता बहुतांशी खरखरीचे आठ-दहा प्रकार. शिवाय बँड जितके जास्त तितकी तबकडीवर गर्दी, आणि काटा केसभर सरकला तरी केंद्र हुकते.

सेलच्या बाबतीत बहुतेक लोक चुकतात. पेन्सिल सेलचा रेडिओ हलका आणि देखणा, म्हणून तो उचलतात. पेन्सिल सेल काय आणि टॉर्चचा मोठा सेल काय, दोन्ही दीड व्होल्टचेच; पण मोठ्याच्या पोटात वीज कित्येक पट जास्त मावते. घरात एका जागी राहणाऱ्या रेडिओला मोठे सेलच बरे. वजनामुळे तो चक्री फिरवताना घसरतही नाही, आणि आखडलेल्या बोटांना हे फार महत्त्वाचे आहे. अर्थात आधी गावातल्या किराणा दुकानात कोणता सेल मिळतो ते विचारून घ्यावे. तालुक्याला जाऊन आणायचा सेल हा नसल्यासारखाच. विजेवरही चालणारा असेल तर उत्तम, पण केवळ विजेवर भरणारा नको. आणखी एक. सेलचे झाकण दुकानातच स्वतः चार वेळा उघडून-लावून पाहावे. रेडिओ आतून बिघडायच्या आधी त्याचे झाकणच मोडते आणि मग तो जन्मभर रबरबँड बांधून फिरतो. सेल उतरले की ते उन्हात ठेवून पुन्हा वापरायची आपली जुनी खोड आहे. दिवसभर चालतातही ते, पण मग आतच पाणी सुटते आणि पट्ट्या खाऊन टाकते. आजोबांचा ट्रान्झिस्टर असाच गेला असावा असा मला दाट संशय आहे. आजीसमोर मी तो बोलून दाखवलेला नाही.

आता चक्र्या. दोनच असाव्यात. एक आवाजाची, जी फिरवताच 'टक्' करून रेडिओ चालू होतो. दुसरी केंद्राची. आकडे दाखवणारा डिजिटल रेडिओ वाईट असे मी म्हणत नाही. डोळे चांगले असतील त्याला तो सोयीचा आहे, केंद्र एकदा साठवले की हलत नाही. पण आंधळ्या बोटाला आकडा दिसत नाही. 'टक्' मात्र कळते. खिशात मावणाऱ्या रेडिओची चक्री रुपयाएवढी, तिच्यावर केंद्र पकडणे म्हणजे सुईत दोरा ओवणे. बाजूला चांगली मोठी मूठ असलेलाच पाहावा. आवाजही दुकानात गाण्यावर तपासू नये, बातम्यांवर तपासावा. गाणे कसेही गोड लागते. माणसाचे बोलणे शब्द न् शब्द कळले पाहिजे.

माझे प्राध्यापक यावर म्हणाले, की मोबाइलमध्येही एफएम असते की! असते. २०२३ साली केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल तयार करणाऱ्यांना ते बंद ठेवू नका अशी सूचनाही केली. पण त्याला कानात घालायची तार लागते, कारण ती तारच त्याची एरियल असते. आणि वीज गेली की मोबाइल दिवस-दीड दिवसाचा सोबती. मुळात माझा आक्षेप यंत्रावर नाहीच. सरांना मोबाइल सोपा वाटतो तो सरांच्या डोळ्यांनी आणि बोटांनी. आपण खरेदी करतो ती अशी आपल्या डोळ्यांनी. मग म्हाताऱ्यांना नवीन काही जमत नाही, असा शेराही आपणच मारतो.

शेवटी जो रेडिओ मी घेतला तो दिसायला अगदी ओबडधोबड होता. काकांनी नाक मुरडले. गावी नेल्यावर पहिल्या संध्याकाळी नुसता घूं-घूं आवाज. माझा चेहरा पडला. मग लक्षात आले, की वर लागलेला एलईडी दिवा आणि शेजारचा मोबाइलचा चार्जर, दोघेही मीडियम वेव्हवर असा गोंगाट करतात. चार्जर काढला, रेडिओ खिडकीशी नेला आणि जागच्या जागी फिरवत गेले. मीडियम वेव्हची एरियल म्हणजे आत आडवी बसवलेली काळी कांडी. तिची दिशा बदलली की आवाज कमीजास्त होतो. एका कोनात मुंबई खणखणीत आली. आजी लगेच म्हणाली, "थांब, तिथंच ठेव!" आणि खडूने फळीवर त्याच्या चार कोपऱ्यांच्या खुणा करायला लावल्या.

मग तिने स्वतःच्या कपाळाची टिकली काढली आणि काटा जिथे थांबला होता तिथे काचेवर चिकटवली. बोटाने एकदा चाचपून पाहिली. रेडिओ बंद केला, काटा मुद्दाम दूर नेला, पुन्हा 'टक्' केले, आणि टिकलीवर बोट ठेवून चक्री हळूहळू फिरवत केंद्र परत लावले. मला मध्ये हात घालू दिला नाही.

आता तिला दुपारी फोन केला तर मागे बोलणे चाललेले ऐकू येते. तिचे लक्ष माझ्याकडे नसते. परवा म्हणाली, "काही विशेष आहे का? नाही ना? मग ठेव, नंतर कर."